स्टाइललिंट लावताना: एका साप्ताहिकाच्या जुन्या सीएसएसची साफसफाई

2024 च्या जुलैमध्ये हातात घेतलेलं एक काम डिसेंबरात पुरं झालं. एका साप्ताहिकाची जुनी वर्डप्रेस साइट होती आणि तिच्या थीमच्या सीएसएसला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडला, स्टाइललिंटची शिस्त लावायची होती. स्टाइललिंट हे फुकट, मुक्त-स्रोत साधन आहे. ते सीएसएसची फाइल वाचतं, नियमांशी ताडून पाहतं आणि कोणत्या ओळीत काय खटकतं ते सांगतं. बसवायला दहा मिनिटं पुरतात. पण नंतर पडद्यावर जी यादी उतरते, तिचं करायचं काय, हा खरा प्रश्न असतो. त्या यादीपुढे बसलेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी हे सगळं करायचं कशाला, ते सांगते. पीएचपीत अर्धविराम राहिला तर पान उघडतच नाही. जावास्क्रिप्टमध्ये चुकलं तर कन्सोलमध्ये लाल ओळ येते. सीएसएसमध्ये मात्र ब्राउझरला एखादी ओळ कळली नाही, तर तो ती गाळून पुढे जातो. हे ठरवून तसं ठेवलेलं आहे. उद्या येणारी नवी प्रॉपर्टी (रंग, रुंदी असा गुणधर्म) आजच्या ब्राउझरमध्ये पान मोडू नये, हा त्यामागचा हेतू. पण त्यामुळे चालणारी ओळ आणि मेलेली ओळ फाइलमध्ये वर्षानुवर्षं शेजारी राहतात. कुणी नेमका तोच भाग ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये उघडून पाहिला तरच कळतं. लिंटरचं, म्हणजे स्टाइललिंटसारख्या कोड तपासणाऱ्या साधनाचं, खरं मोल मला इथे वाटतं. कंसाआधी मोकळी जागा हवी की नको, हा वाद त्यानंतरचा.

साइटवर दहाएक वर्षांत बऱ्याच जणांचे हात फिरले होते. मुख्य फाइल सहा हजार ओळींच्या पुढे गेलेली. नवा माणूस आला की जुनं काही न काढता तळाशी भर घालायचा, आणि आपलं चालावं म्हणून बाकीच्या ओळींवर मात करणारा 'इम्पॉर्टंट' हा शब्द लावायचा. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. अंक निघायच्या आदल्या रात्री कुणी फाइल आवरत बसत नाही.

संपादकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, साइट दिसणार तशीच, मग पैसे कशाचे?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना नावाच्या पट्टीचा लाल रंग दाखवला. तोच रंग फाइलमध्ये सहा अक्षरी, तीन अक्षरी, आरजीबीत आणि एके ठिकाणी नुसता शब्द म्हणून लिहिलेला होता. दर वेळी रंग बदलायचा म्हटलं की कुठला तरी कोपरा जुनाच का राहतो, हे त्यांना लगेच उमगलं. तरी मंजुरी विश्वस्तांच्या बैठकीतूनच येणार होती आणि ती बैठक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होती. मी एका पानाचं पत्र दिलं. लेखी होकाराशिवाय साइटचं रूप बदलणार नाही, सगळं काम आधी स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, होईल, आणि गणपती विशेषांक, दिवाळी अंक व निवडणुकीच्या दिवसांत चालू साइटला हात लावणार नाही, हे तीन मुद्दे त्यात होते. निम्मे पैसे आगाऊ आणि निम्मे काम संपल्यावर. असं पत्र देताना रूप न बदलण्याची अट स्वतःहून घालावी असं मी सुचवेन. पुढे बरेच निर्णय त्या एका वाक्याने सोपे होतात.

बैठकीची वाट पाहत असताना मोजणी उरकून घेतली. मोजणीला परवानगी लागत नाही, कारण स्टाइललिंट सांगितल्याशिवाय फाइलला हात लावत नाही.

त्याआधी एक गोष्ट आवश्यक होती. गिटमधल्या (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या) फाइली आणि सर्व्हरवरच्या फाइली जुळत नव्हत्या, कारण मधल्या काळात एफटीपीवरून थेट बदल झाले होते. सर्व्हरवरची प्रत उतरवून घेतली आणि तीच गिटमध्ये 'आजची स्थिती' म्हणून कमिट केली, म्हणजे नोंदवली. जुन्या साइटवर काम करणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. चुकीच्या प्रतीची साफसफाई करून ती वर चढवली, तर कुणीतरी रात्री केलेली दुरुस्ती पुसली जाते.

मग नोड, म्हणजे स्टाइललिंट ज्यावर चालतं ते साधन. स्टाइललिंटची सोळावी आवृत्ती डिसेंबर 2023 मध्ये आली आणि तिला किमान नोड 18.12 लागतो. कार्यालयातल्या संगणकावर 14 होता. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं एनव्हीएम वापरून नवा नोड शेजारी बसवला आणि जुना तसाच ठेवला. नोडबरोबर येणाऱ्या एनपीएमची 'क्रिएट स्टाइललिंट' ही आज्ञा दिली की साधन आणि नियमांची एक छोटी फाइल दोन्ही तयार होतात. आज्ञा चालवताना फाइलींचा नमुना (कोणत्या फाइली तपासायच्या ते सांगणारी खूण) दुहेरी अवतरणात द्यावा. अवतरण नसेल तर लिनक्सवर आज्ञा चालवणारा शेल तो नमुना आपल्या परीने उलगडतो आणि आतल्या फोल्डरमधल्या फाइली सुटू शकतात. एकेरी अवतरण विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला कळत नाही.

थीममध्ये 2019 च्या सुमाराची एक जुनी नियमफाइलही सापडली. कुणीतरी तेव्हा प्रयत्न केला असणार. ती लावल्यावर 'अनोळखी नियम' असे संदेश येऊ लागले. फेब्रुवारी 2023 मधल्या पंधराव्या आवृत्तीत स्टाइललिंटने इंडेंटेशन, अवतरणचिन्हं, स्वल्पविरामानंतरची जागा अशा निव्वळ मांडणीच्या 76 नियमांना निवृत्तीची नोटीस दिली आणि सोळाव्यात ते काढून टाकले. मांडणी प्रेटियरसारख्या फॉरमॅटरने करावी, लिंटरने चुका पाहाव्यात, अशी ती विभागणी. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत हे नियम अजून दिसतात. तिथून नियमफाइल उचलली आणि असे संदेश आले तर घाबरू नका. त्या ओळी काढल्या की झालं.

पहिल्या फेरीत हजारो तक्रारी आल्या. पडदा थांबेपर्यंत छातीत धस्स झालं होतं, हे खरं. पण त्यातला मोठा वाटा तयार लायब्ररींच्या मिनिफाय केलेल्या (मोकळ्या जागा काढून आवळलेल्या) फाइलींचा निघाला. स्टाइललिंट आपणहून फक्त नोड मॉड्यूल्सचं फोल्डर वगळतं, बाकीचं आपण सांगावं लागतं. वगळायच्या फाइलींची यादी केल्यावर आकडा दोन हजारांच्या आसपास आला.

मग निकाल स्क्रिप्टला वाचता येणाऱ्या जेसन स्वरूपात काढला आणि दहा ओळींच्या स्क्रिप्टने नियमवार बेरीज केली. माझी सगळ्यात आग्रहाची सूचना हीच आहे: फाइलवार यादी वाचत बसू नका, नियमवार मोजा. आठ-दहा नियमांतच जवळजवळ सगळ्या तक्रारी होत्या. ओळींमधली रिकामी जागा, रंग लिहायची पद्धत, क्लासची (पानातल्या भागांना दिलेली) नावं असं बहुतेक. ज्यांना खरंच चुका म्हणाव्यात अशा शंभराच्याही आत होत्या. दोन हजारांची भीती शंभरावर आली की काम करावंसं वाटतं.

म्हणून सुरुवात स्टाइललिंटच्या तयार नियमसंचांपैकी 'स्टँडर्ड' संचाने न करता 'रेकमेंडेड' संचाने केली. स्टँडर्डमध्ये लिहिण्याच्या पद्धतीचे नियमही येतात. रेकमेंडेडमध्ये भर चुकांवर आहे. त्या चुकांपैकी तीन इथे उलगडून सांगते, कारण अशा चुका बहुतेक जुन्या साइटवर सापडतील.

दिवाळी अंकाच्या चौकटीच्या पार्श्वभूमीला दिलेल्या रंगात हॅशनंतर पाचच अक्षरं होती. रंगाचा असा कोड तीन, चार, सहा किंवा आठ अक्षरांचा असतो, पाच अक्षरांचा नसतो. ब्राउझरने ती ओळ गाळली आणि चौकट कायम पांढरीच राहिली. दुसरीकडे, बातमीच्या स्तंभाची रुंदी 'कॅल्क'ने काढलेली होती, शंभर टक्क्यांतून अडीचशे पिक्सेल वजा. पण वजाच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा नव्हती, आणि ती नसली की अख्खी ओळ बाद. तिसरी चूक म्हणजे 'बॅकग्राउंड-इमेज' आधी लिहून खाली 'बॅकग्राउंड' लिहिलेलं. खालची एकत्रित प्रॉपर्टी वरचं चित्र पुसून टाकते.

ओळ दुरुस्त केली आणि सुटलो, असं इथे होत नाही. मेलेली ओळ दुरुस्त केली की ती जिवंत होते. 'कॅल्क'मध्ये दोन मोकळ्या जागा घातल्याबरोबर स्टेजिंगवर बातमीचा स्तंभ अरुंद झाला. त्या ओळीचं काम होत नाही म्हणून नंतरच्या कुणीतरी पाचशे ओळी खाली दुसऱ्या मार्गाने तीच जागा सोडलेली होती. आता दोन्ही लागू झालं. बदल साधा आणि बरोबर, पण वाचकाच्या पडद्यावर पान वेगळं.

त्यामुळे मी असा क्रम ठरवला. रूप बदलणार नाही असं लिहून दिलेलं होतं, म्हणून मेलेली ओळ आधी काढून टाकायची, दुरुस्त करायची नाही. काढल्याने काहीच बदलत नाही, कारण ब्राउझर ती वाचतच नव्हता. मग काढलेल्या ओळींचा एक तक्ता करायचा: कोणती जागा, मूळ हेतू काय दिसतो, लागू केली तर काय बदलेल. तो तक्ता छापून संपादकांना दिला. त्यांनी दिवाळीच्या चौकटीपुढे 'हवा' असं लिहिलं, बऱ्याच ओळींपुढे फुली मारली आणि खाली सही केली. चौकटीला केशरी छटा आली ती त्या सहीनंतर.

विश्वस्तांचा होकार ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आला. 7 सप्टेंबरला गणपती बसणार होते, त्याआधी हे पहिल्या टप्प्यातलं काम वर चढवलं. विसर्जन होईपर्यंत चालू साइटला हात लावला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी प्रेटियर फिरवला. मांडणीचा बदल नेहमी एकट्याने, स्वतंत्र कमिटमध्ये करावा. त्यात दुसरी एकही दुरुस्ती मिसळू नये. खात्रीसाठी एक सोपी युक्ती वापरली: प्रेटियरच्या आधीची आणि नंतरची फाइल, दोन्ही एकाच मिनिफायरमधून काढल्या आणि निकाल एकमेकांशी ताडले. दोन्ही सारखे निघाले तर डोळ्यांनी सहा हजार ओळी तपासायची गरज नाही. कुठे फरक दिसलाच तर तेवढाच भाग पाहायचा. त्या कमिटचा क्रमांक गिटच्या 'ब्लेम'ने (कोणती ओळ कुणी बदलली ते सांगणाऱ्या आज्ञेने) वगळावा, यासाठी एक यादीफाइल ठेवता येते. ही सोय 2019 मधल्या गिट 2.23 पासून आहे. ती नसती तर प्रत्येक ओळीपुढे माझंच नाव आलं असतं आणि ती ओळ मुळात कुणी, केव्हा, कशासाठी घातली हा माग पुसट झाला असता.

त्यानंतर स्टँडर्ड संच. इथे 'फिक्स' पर्याय मदतीला येतो. रंगांची लिखावट, शून्यापुढचं एकक, दोनदा लिहिलेल्या किमती (व्हॅल्यू) असं बरंच काही तो आपणहून सुधारतो. पण तो सरसकट चालवू नये. नियमांच्या फाइलमध्ये एका वेळी एकच नियम चालू ठेवावा, फिक्स चालवावं, फरक पाहावा, कमिट करावं. वेळखाऊ आहे, पण काही सुधारणा सीएसएसच्या दृष्टीने बरोबर असूनही आपल्या वाचकांच्या फोनला परवडत नाहीत.

उदाहरणार्थ, स्टँडर्ड संच मीडिया क्वेरीतला (पडद्याच्या रुंदीनुसार नियम लावणाऱ्या अटीतला) 'मिन-विड्थ' काढून तिथे 'रुंदी इतक्याहून मोठी किंवा तितकीच' अशी नवी चिन्हांची पद्धत घालायला सांगतो. वाचायला ती सुबक आहे. पण सफारीला ती 16.4 पासून, म्हणजे मार्च 2023 पासून कळते, आणि क्रोमला 104 पासून. आयफोन 7 सारखे फोन आयओएस 15 वर थांबले आहेत. तिथे अख्खी मीडिया क्वेरीच बाद होते, आणि तिच्या आतलं सगळं तिच्याबरोबर जातं. साप्ताहिकाच्या वाचकांत जुने फोन पुष्कळ. मी त्या नियमाची किंमत 'प्रीफिक्स' अशी केली, म्हणजे जुनीच पद्धत सगळीकडे सारखी राहते. वेबकिटचे, म्हणजे सफारीसारख्या ब्राउझरांसाठी प्रॉपर्टीआधी लावायचे, उपसर्ग काढणाऱ्या नियमाचंही तसंच. थीमला ते उपसर्ग आपोआप घालणारा ऑटोप्रीफिक्सर जोडलेला नसेल, तर तो नियम आधी बंद करा. 'युजर-सिलेक्ट'ला सफारीत अजून उपसर्ग लागतो.

क्लासच्या नावांचा नियम मी जुन्या फाइलींपुरता बंद ठेवला. तो शब्दांमध्ये जोडरेघ असलेली नावंच मान्य करतो. इथे अंडरस्कोरची आणि मधेच मोठं अक्षर येणारी नावं होती, आणि तीच नावं पीएचपीत, जावास्क्रिप्टमध्ये, शिवाय डेटाबेसमध्ये साठवलेल्या जुन्या लेखांच्या मजकुरातही होती. ती बदलणं हे वेगळं काम आहे. नव्या फाइलींसाठी वेगळं फोल्डर केलं आणि नियमफाइलमधल्या 'ओव्हरराइड्स'ने फक्त तिथे हा नियम चालू केला.

सिलेक्टरच्या वजनाचा नियम सगळ्यात चिवट निघाला. सिलेक्टर म्हणजे पानाच्या कोणत्या भागाला रूप द्यायचं ते सांगणारा शब्द, आणि वजन म्हणजे दोघांत कोण जिंकणार ते ठरवणारा त्याचा जोर. कमी वजनाचा सिलेक्टर जास्त वजनाच्या खाली आला की तो बोट ठेवतो. तक्रार खरी असते, पण जागा बदलली की पानही बदलू शकतं. त्याची तीव्रता 'एरर'वरून 'वॉर्निंग'वर आणली आणि 'मॅक्स-वॉर्निंग्ज'मध्ये त्या दिवशीचा आकडा मर्यादा म्हणून लिहिला. नवी भर पडली तर तपासणी अडते. जुन्या कमी झाल्या की आकडा खाली आणायचा. अशी मर्यादा घातल्यामुळे सगळं एका दमात निस्तरायचं ओझं राहत नाही.

आता मला मनापासून आवडलेला भाग. तयार संच देवनागरीचा विचार करत नाहीत, पण आपण स्वतःचे नियम घालू शकतो. साइटच्या मथळ्यांना 'लेटर-स्पेसिंग', म्हणजे अक्षरांत जादा अंतर, दिलेलं होतं. इंग्रजी मथळ्यांना ते शोभतं. मराठीत प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेघ तुटते. 'विधानसभा' हा शब्द पाच तुकड्यांत दिसायचा. संपादक कित्येक वर्षं सांगत होते की रेघ तुटते, आणि दर वेळी फाँटला दोष दिला जायचा. मी 'लेटर-स्पेसिंग' नामंजूर प्रॉपर्टींच्या यादीत टाकलं. स्टाइललिंटमध्ये प्रत्येक नियमाला स्वतःचा संदेश देता येतो, तो मराठीत लिहिला: "देवनागरीत लेटर-स्पेसिंग नको, शिरोरेघ तुटते." विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीत जोडाक्षरं नीट दिसत नाहीत, व्हीएस कोड या कोड लिहायच्या साधनाच्या 'प्रॉब्लेम्स' पट्टीत छान दिसतात. त्याच धर्तीवर ओळीची उंची 1 ठेवायला मनाई केली. तेवढ्या उंचीत, बाहेरचं लपवणाऱ्या चौकटीत, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. फाँटच्या यादीत शेवटी सर्वसाधारण कुळाचं नाव हवं, हा नियम तर रेकमेंडेड संचातच आहे. आमच्याकडे काही ठिकाणी नुसतं 'मुक्त' लिहून सोडलेलं होतं. फाँट उतरला नाही की ब्राउझर आपल्या मनाने काहीही निवडतो.

इंग्रजी पट्टीसाठी अक्षरांतलं अंतर खरंच हवं होतं. तिथे नियम बंद करणारी टिप्पणी घातली, आणि दोन जोडरेघांपुढे कारण लिहिलं. कारण न लिहिता बंद केलेला नियम आणि आता बंद ठेवायची गरज न उरलेला नियम, दोन्ही पकडायचे पर्याय स्टाइललिंटमध्ये आहेत. दोन्ही पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

ऑक्टोबरच्या मध्यापासून पुन्हा थांबलो. दिवाळी अंक, आणि त्यापाठोपाठ 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, 23 ला निकाल. निकालाच्या दिवशी साइटवर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते. ही वाट पाहणं मला जड गेलं, कारण काम हाताशी आलेलं होतं. मधल्या काळात गिटहबवर आपोआप तपासणी बसवली. खाजगी रेपोसाठी (कोडच्या साठ्यासाठी) फुकट योजनेत महिन्याला 2,000 मिनिटं मिळतात आणि आमची तपासणी मिनिटभरात संपते. चूक सापडली की स्टाइललिंट 2 हा एक्झिट कोड (काम संपताना कळवायचा आकडा) देतं आणि तपासणी लाल होते. नियमफाइलच बिघडलेली असेल तर कोड 78 येतो. हा फरक माहीत असला की सीएसएसमध्ये नसलेली चूक शोधण्यात वेळ जात नाही. शिवाय हस्की आणि लिंट-स्टेज्ड ही दोन साधनं लावून कमिटच्या वेळी फक्त बदललेल्या फाइली तपासल्या जातील असं केलं.

डिसेंबरात उरलेलं सगळं वर चढवलं. स्टेजिंग आणि चालू साइटवरच्या ठरावीक पानांचे स्क्रीनशॉट प्लेराइट या साधनाने ताडून पाहिले. थीमच्या फाइलीचा आवृत्ती क्रमांक वाढवला, नाहीतर वाचकांच्या फोनमध्ये साठलेली जुनी प्रतच दिसत राहते. पैशांचं सांगायचं तर सगळी साधनं फुकट होती, खर्च फक्त माझ्या वेळेचा. बिल पन्नास हजारांच्या आत बसलं आणि दुसरा हप्ता जानेवारीत मिळाला, कारण विश्वस्तांची पुढची बैठक तेव्हाच होती.

जानेवारीत कार्यालयात वेबसाइट सांभाळायला एक मुलगी रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात तिने एका मथळ्याला अक्षरांतलं अंतर दिलं आणि मराठी संदेश वाचून स्वतःच काढलं. मला फोन करावा लागला नाही. पुढच्या महिन्यात तिनेच वजनाच्या नियमातल्या काही जुन्या तक्रारी मिटवून मर्यादेचा आकडा खाली आणला.

तिच्यासाठी लिहून ठेवलेली टीप इथेही देते. स्टाइललिंट आणि स्टँडर्ड संच यांच्या मोठ्या आवृत्त्या बदलल्या की नवे नियम येतात. म्हणून अपग्रेड इतर कामात मिसळू नका, गिटच्या वेगळ्या ब्रांचवर (स्वतंत्र फांदीवर) करा. आधी फिक्सशिवाय चालवून नियमवार मोजणी करा. नवा नियम काय बदलतो ते वाचा, तो बदल वाचकांकडच्या सगळ्यात जुन्या फोनला कळतो का ते पाहा, आणि मगच फिक्स लावा.